दोडामार्गच्या रानातले निळे माशीमार : तपकिरी मादी नक्की कोणाची? (पक्षीनिरीक्षकांची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

व्हाळकाठ

दोडामार्ग तालुका, घाटाचा पायथा, उंची शंभर-सव्वाशे मीटर. निमसदाहरित रान, मधून वाहता व्हाळ (ओढा), काठाला बांबूची बेटं, पलीकडे पोफळीची बाग. वेळ फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सकाळी आठ ते साडेनऊ. तिथल्या तीन पक्ष्यांबद्दल विचारायचं आहे.

पहिला गर्द निळा, सावलीत काळाच वाटावा असा. गळा आणि छातीही तशीच, पोट पांढरं. झुडपांच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर.

दुसरा त्याच्यापासून दहाएक पावलांवर. वरून तपकिरी, गळा आणि छाती नारिंगी, पोट पांढरं, शेपटी तांबूस.

तिसरा बांबूच्या बेटाला, मोकळ्या फांदीवर. वरून निळा, हनुवटीपासून छातीपर्यंत नारिंगी, पोट पांढरं.

तिसरा टिकेलचा निळा माशीमार, त्यात शंका नाही. पहिला पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार असावा. अडचण दुसऱ्याची आहे. ती पहिल्याची मादी म्हणायची, की हिवाळ्यात येणाऱ्या निळ्या गळ्याच्या माशीमाराची? पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप एका फोटोला एक नाव देतं, दुसऱ्याला दुसरं. शिवाय या रानात फोटो अगदी काळपट येतात, त्यावरही उपाय सुचवा.

करवंदजाळी

दुसऱ्याकडे वळण्याआधी पहिला पक्का करून घ्या, कारण तिथेही फसायला जागा आहे.

या पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या आतली अतिसूक्ष्म रचना निळा प्रकाश विखुरते, म्हणून पीस निळं दिसतं. उजेडच कमी असेल तर विखुरायला काही उरत नाही आणि पक्षी काळपट दिसतो. दाट सावलीत नारिंगी रंगही बराच मरतो. त्यामुळे निळ्या गळ्याच्या माशीमाराचा नर सावलीत बसला की त्याचा निळा गळा आणि नारिंगी छाती एकच गडद पट्टा वाटतात, आणि पाहणारा ‘पांढऱ्या पोटाचा’ अशी नोंद करून मोकळा होतो. दोन्ही नरांची पोटं पांढरीच असतात. म्हणून पोट सोडा, छाती बघा. पांढऱ्या पोटाच्या नराची छाती गळ्याइतकीच गर्द निळी असते आणि नारिंगीचा लवलेश नसतो. निळ्या गळ्याच्या नरात गळा निळा, छाती नारिंगी. काहींच्या गळ्यात नारिंगीचं टोक पाचरीसारखं वर शिरलेलं असतं. टिकेलच्या नरात हनुवटीपासूनच नारिंगी सुरू होतं.

ब्लॅक-नेप्ड मोनार्क हाही याच रानातला. त्याच्या नराचा गळा आणि छाती निळी, पोट पांढुरकं. पण त्याचा निळा रंग उजळ आकाशी असतो, मानेवर मागे काळा ठिपका आणि गळ्याखाली काळी बारीक रेघ असते, शेपटी लांब. तो डोक्याच्या वरच्या उंचीवर, फांद्यांमधून सतत फिरत राहतो. कमरेइतक्या उंचीवर एका जागी बसून राहणारा गर्द निळा पक्षी मोनार्क असण्याची शक्यता कमीच.

हिवाळ्यात निळी-नारिंगी दिसणारी आणखी एक जात म्हणजे इंडियन ब्लू रॉबिन. त्याची भुवई पांढरी ठळक, पाय लांब, आणि तो बहुतेक वेळ जमिनीवर पालापाचोळ्यात शेपटी हलवत चालतो. तिसरा पक्षी फांदीवर ताठ बसलेला होता, म्हणजे तुमचं टिकेल बरोबर आहे.

आता मादी. आधी टिकेलची बाजूला काढा, ती सोपी. तिची पाठ निळसर राखी आणि शेपटी निळीच असते, फक्त नरापेक्षा फिकट. तपकिरी पाठ आणि तांबूस शेपटी दिसली की टिकेलचा प्रश्न मिटला. उरतात दोन:

पांढऱ्या पोटाच्या मादीचं डोकं राखाडीकडे झुकतं आणि पाठीच्या तपकिरीपासून वेगळं कळतं. गळा आणि छाती दोन्ही सारख्याच गडद, लालसर नारिंगी. शेपटी चांगलीच तांबडी, पिकलेल्या चिंचेच्या सालीसारखी.

निळ्या गळ्याच्या मादीचं डोकं आणि पाठ एकाच तपकिरी रंगाची. गळा छातीपेक्षा फिकट, साईच्या रंगाकडे जाणारा. शेपटीला तांबूस झाक असते, पण ती पाठीपासून फार उठून दिसत नाही.

चोच आणि डोळा यांच्यामधली जागा दोघींची फिकट असते. तिच्यावरून निर्णय करू नका. आकारही सोडून द्या, सेंटिमीटरभराचा फरक दुर्बिणीतून कळत नाही.

तेव्हा तीन गोष्टी पुन्हा पाहून सांगा: गळा छातीइतकाच गडद आहे का, डोकं पाठीपेक्षा राखाडी आहे का, आणि पाठीशेजारी शेपटी कशी दिसते.

अंधुक_उजेड

फोटोंपुरतं लिहितो.

कॅमेरा मोजमाप करताना सगळं दृश्य मधल्या करड्या उजेडावर आणू पाहतो. गडद रानात गडद पक्षी असला की तो उजेड वाढवतो, पाठ ठीक येते आणि पांढरं पोट जळून जातं. पोट जळलं की त्याला लागून असलेल्या छातीच्या कडेचा रंगही गेला, आणि इथे ओळख छातीच्या रंगावरच आहे. म्हणून पार्श्वभूमी गडद पानांची असेल तेव्हा एक्स्पोजरची भरपाई −०.३ ते −०.७ ठेवा. उलट, पक्ष्याच्या मागे आभाळाचं भोक असेल तर +१ लागते, नाहीतर पक्षी नुसती काळी सावली होऊन येतो. तुमचे फोटो बहुधा या दुसऱ्या कारणाने काळे येत असावेत. दोन पावलं बाजूला सरका आणि मागे झाडाचं खोड किंवा पानं आणा. सेटिंगपेक्षा याचा फायदा जास्त.

आकडे असे: लेन्सचं ॲपर्चर असेल तितकं उघडं, शटर १/२०० ते १/३२०, आयएसओ ३२०० ते ६४००. हे पक्षी दोन झेपांच्या मध्ये काही सेकंद अगदी स्थिर बसतात, त्यामुळे लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर १/२०० पुरतं. प्रत्येक वेळी तीन-चारची छोटी फैर घ्या, त्यातला एखादा तरी कडक निघतो. फोटोत येणाऱ्या दाण्यांच्या (नॉइज) भीतीने आयएसओ कमी ठेवून नंतर संगणकावर फोटो उजळवू नका. सावलीतून ओढून काढलेल्या भागात रंग बिघडतात आणि नसलेली तांबूस झाक दिसायला लागते. दाणे असले तरी चालतात, खोटा रंग नको.

फाइल ‘रॉ’ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्या. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोला वेगळा रंग देतो. मर्लिन दोन फोटोंना दोन नावं देतं, त्याचं हे एक कारण असू शकतं. कॅमेऱ्यात ‘डेलाइट’ कायम ठेवा. घरी आल्यावर रंग सुधारायचं टोचणं (आयड्रॉपर) पक्ष्याच्या पांढऱ्या पोटावर लावा, म्हणजे पोट खरं पांढरं होईल आणि बाकीचे रंग जागेवर येतील. मगच गळा आणि शेपटी बघा.

पहिल्या पक्ष्यासाठी एक परीक्षा: रॉ फाइलमध्ये छातीच्या गडद भागावर रंगाचं मोजमाप घ्या. तिथे लालचा आकडा निळ्यापेक्षा मोठा आला तर छातीत नारिंगी दडलेलं आहे. पोटावर रंग सुधारल्याशिवाय ही परीक्षा करू नका, आकडे फसवतात. आणि पाच-सहा ठिकाणी मोजा, एकाच बिंदूवर विसंबू नका.

फ्लॅश नको. इतक्या जवळून, इतक्या अंधारात तो पक्ष्याला त्रासच देतो, आणि निळ्या पिसांवर खोटी चमक येते.

सुरमाड

एक आक्षेप नोंदवतो. दोघं दहा पावलांवर दिसले म्हणजे जोडीच, असं धरून पुढे जाऊ नये. फेब्रुवारीत निळ्या गळ्याचा माशीमार आपल्याकडे असतोच. हिमालयाच्या पायथ्याकडून ऑक्टोबरात उतरतो, मार्च-एप्रिलमध्ये परततो. त्यालाही व्हाळाकाठची दाट झुडपंच आवडतात. एकाच ओलसर पट्ट्यात दोन्ही जाती सहज मिळतात. मादी तिच्या स्वतःच्या खुणांवरच ठरली पाहिजे, शेजारी कोण बसलंय त्यावर नाही.

महिना मात्र खूप मदत करतो. मे ते ऑगस्टमध्ये हीच मादी दिसली असती तर निळ्या गळ्याचा प्रश्नच उरला नसता. पांढऱ्या पोटाचा आणि टिकेलचा दोघे बारमाही इथलेच. शक्य असेल तर त्याच जागी जूनमध्ये पुन्हा बघा.

व्हाळकाठ

सगळ्यांचे आभार. अंधुक_उजेड यांनी सांगितल्याप्रमाणे पोटावर रंग सुधारून पुन्हा पाहिलं.

पहिला: छातीवर पाच ठिकाणी मोजलं, सगळीकडे निळाच आकडा मोठा. मानेवर काळा ठिपका नाही, गळ्याखाली रेघ नाही.

दुसरा: गळा आणि छाती सारखीच गडद, फिकट गळा नाहीच. डोकं पाठीपेक्षा राखाडी, हे दोन फोटोंत स्पष्ट आहे. शेपटी पाठीपेक्षा बरीच तांबडी. पण तिसऱ्या फोटोत डोकंही तपकिरीच दिसतंय आणि शेपटीचा रंग साधा वाटतोय. पक्षी तोच आहे, फांदी तीच. असं का?

करवंदजाळी

तिसऱ्या फोटोत तिच्यावर उन्हाचा कवडसा पडलेला असणार, किंवा खाली पडलेल्या तांबूस पाल्यावरून उजेड उलटून आला असणार. उबदार उजेडात राखाडी डोकं तपकिरी होतं. शेपटीचं म्हणाल तर मिटलेल्या शेपटीत मधली दोन पिसं वर असतात आणि तीच दिसतात, सगळ्या शेपटीचा रंग ती जराशी उघडली तरच नीट कळतो. झेप घेताना किंवा वळताना काढलेला फोटो असेल तर त्यात बघा. बसलेल्या पक्ष्यात खालून दिसणारी शेपटी तर अजिबात जमेस धरू नका.

गळ्याला मी सगळ्यात जास्त वजन देतो. उजेड बदलला तरी एकाच फोटोतल्या गळ्याची आणि छातीची तुलना फारशी बिघडत नाही, दोघांवर उजेड सारखाच पडतो. तुमच्या तिन्ही फोटोंत गळा छातीइतकाच गडद असेल तर ती पांढऱ्या पोटाच्या माशीमाराची मादी. तुमच्या वर्णनावरून माझं मत तेच.

पावसाळ्यात आणि त्यानंतर एक नवी गंमत पुढे येईल, ती आत्ताच सांगून ठेवतो. घरट्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं डोक्यावर-पाठीवर बदामी ठिपक्यांची असतात, दोन्ही जातींची. तेव्हा ठिपके बघत बसू नका, पंख आणि शेपटी बघा. टिकेलच्या पिल्लाच्या शेपटीत निळा असतो. ठिपकेवालं पिल्लू आणि तांबडी शेपटी, म्हणजे पांढऱ्या पोटाची मादी-पिल्लू. ठिपकेवालं आणि शेपटी निळी, तर मात्र ते टिकेलचंही असू शकतं, पांढऱ्या पोटाचा नर-पिल्लूही असू शकतं. अशा वेळी चारा घालायला कोण येतंय ते लांबून पाहावं, नाव आपोआप ठरतं.

कुळागर

गोव्याच्या बाजूने थोडी भर. पांढऱ्या पोटाचा माशीमार फक्त पश्चिम घाटातला. ब्रिटिश पक्षीअभ्यासक जर्डननं १८४० साली त्याचं वर्णन केलं. गोव्यात बोंडला, मोले, खोतीगाव, म्हादई या अभयारण्यांच्या खालच्या रानांत मिळतो, तुमच्याकडे दोडामार्ग आणि वर आंबोली. टिकेल मात्र कोरड्या रानापासून बागांपर्यंत सगळीकडे, मुंबईतल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातसुद्धा. त्यामुळे जागा बघूनच निम्मी शक्यता ठरते: दाट, ओलं, सावलीचं झुडूप असेल तर पांढऱ्या पोटाचा, बांबू, रानाची कड, कुळागराचा (पोफळीच्या बागेचा) बांध असेल तर आधी टिकेल.

आवाजाची मदत घ्या, कारण पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. टिकेलचं गाणं छोटं, धातूच्या किणकिणीसारखं, सहा ते दहा स्वरांचं. स्वर उतरून पुन्हा चढतात, आणि तेच गाणं थोड्या थोड्या वेळाने परत येतं. एकदा कानात बसलं की विसरत नाही. पांढऱ्या पोटाच्या नराचं गाणं लांब, बारीक, चिरकं आणि हळू आवाजातलं असतं, व्हाळाचं पाणी खळाळत असेल तर त्यात बुडून जातं. म्हणून ऐकायला थांबताना खळाळापासून वीस-तीस पावलं दूर उभे राहा. निळ्या गळ्याचा हिवाळ्यात फारसा गात नाही, नुसतं ‘चक-चक’ करतो.

रेकॉर्डिंग मोबाइलवर करत असाल तर फाइल ‘वेव्ह’मध्ये ठेवा, एमपीथ्रीमध्ये बारीक स्वर कापले जातात. मोबाइल हातात न धरता दगडावर किंवा खोडाला टेकवून ठेवा, बोटांची खरखर येत नाही. किमान तीस सेकंद घ्या आणि शेवटी जागा, तारीख, वेळ स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा.

गाणं वाजवून पक्षी ओढू नका. फेब्रुवारी ते सप्टेंबर तर मुळीच नाही. नर हद्द राखायला धावून येतो, मादीला आणि घरट्याला सोडतो, आणि तेवढ्यात सर्प किंवा कोतवाल घरटं बघून जातो. पांढऱ्या पोटाचा कुजक्या खोडाच्या खोबणीत किंवा खडकाच्या कपारीत शेवाळाचं घरटं करतो, बहुतेक पावसाळ्यात. टिकेल एप्रिल ते ऑगस्टमध्ये झाडाच्या ढोलीत, कपारीत किंवा बांबूच्या बुडख्यात. दोन्ही घरटी जमिनीपासून फार उंच नसतात, म्हणून पायवाट सोडून झुडपांत शिरूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी छेडणं हेही शिकारीच्या व्याख्येत बसतं.

पाहण्यासाठी चालत राहण्यापेक्षा बसणं बरं. पाण्याचा संथ डोह असेल अशा वळणावर, दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून, अर्धा तास हालचाल न करता बसा. हे पक्षी ठरलेल्या दोन-तीन फांद्यांवर पुन्हा पुन्हा येतात. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान डोहावर आंघोळीला येतात, तो उजेड सकाळपेक्षा चांगला असतो. टिकेल तर दिवेलागणीनंतरही माश्या टिपत असतो, कॅमेऱ्याचा उजेड संपला तरी दुर्बीण खाली ठेवू नका.

सुरमाड

बसायचं म्हणालात म्हणून हे लिहिणं भाग आहे. दोडामार्ग, सावंतवाडीचा बांदा परिसर आणि गोव्यातलं सत्तरी या भागांत माकडताप आहे. गोचिडीच्या बारीक पिल्लांकडून तो माणसाला होतो, आणि जानेवारी ते मे हा त्याचा मुख्य काळ, म्हणजे नेमका आपण पक्षी बघायला जातो तोच.

पालापाचोळ्यावर थेट बसू नका, घडीचा स्टूल न्या. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. फिक्या कपड्यावर खसखशीएवढी गोचीड दिसते, गडद कपड्यावर नाही. आरोग्य केंद्रात गोचीड प्रतिबंधक तेल मिळतं का ते विचारा. ते हात, पाय आणि मानेला लावा. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा, काखा, जांघा आणि कानामागे तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. रानात मेलेलं माकड दिसलं तर तिथून लांब व्हा आणि वनखात्याला कळवा. पुढच्या दोन आठवड्यांत एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ‘रानात गेलो होतो’ हे आपणहून सांगा. साधा ताप म्हणून घरी ॲस्पिरिन घेऊ नका, या तापात रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरं, कमरेइतक्या उंचीच्या फांदीला हात लावण्याआधी ती नीट बघा. मलबार चापडा हा विषारी साप याच झुडपांत, याच उंचीवर, पानाच्या रंगात वेटोळं घालून बसतो.

व्हाळकाठ

स्टूल आणि तेल दोन्ही घेतो. शेवटचा प्रश्न: ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद कशी करू? मादीबद्दल मत जवळपास पक्कं आहे, पण तिसरा फोटो अजून खटकतो.

करवंदजाळी

नर एक, मादी एक, अशी पांढऱ्या पोटाच्या माशीमाराची नोंद टाका आणि टिपणात खुणा लिहा: ‘नर – गळा व छाती पूर्ण गर्द निळी, नारिंगी नाही, मानेवर काळा ठिपका नाही. मादी – गळा छातीइतकाच गडद नारिंगी, डोकं राखाडी, शेपटी तांबडी.’ तिन्ही फोटो चढवा, खटकणारासुद्धा. तपासणाऱ्याला उजेडाचा फरक त्यावरूनच कळतो. फोटो चढवताना रंग सुधारलेला आणि मूळ असे दोन्ही ठेवा, आणि सुधारणा पोटावर केली हे लिहा.

टिकेलची नोंद वेगळी. जागेचा बिंदू गावावर न ठेवता प्रत्यक्ष व्हाळाच्या वळणावर ठेवा, कारण शंभर मीटरवर मिळालेला पांढऱ्या पोटाचा आणि वर आंबोलीत मिळालेला यांतला उंचीचा फरकच पुढे कामाला येतो. घरटं सापडलं तर मात्र बिंदू अचूक देऊ नका, तालुक्यापुरता ठेवा.

आणि पुढच्या वेळी मादी पाहूनही गळा नीट दिसला नाही, तर नाव न टाकता ‘सायॉर्निस (या निळ्या माशीमारांची प्रजाती), जात अनिश्चित’ हा पर्याय निवडा. यादीत तो असतो आणि त्याने नोंद वाया जात नाही.

अंधुक_उजेड

तिसरा फोटो चढवण्याआधी त्याची वेळ बघा. पहिल्या दोनपेक्षा अर्ध्या तासाने पुढची असेल तर ऊन तोवर व्हाळात उतरलेलं असणार. टिपणात प्रत्येक फोटोची वेळ लिहा.

व्हाळकाठ

पहिले दोन ८.१० चे, तिसरा ९.२० चा. नोंद टाकली, वेळा लिहिल्या.